वहिनींचा उखाणा

“हा फुगा म्हणजे तुमची काळजी आहे असं समजा,” ती मुलगी माईकवरून म्हणाली, “आणि मी तीन म्हटलं की सगळ्यांनी आपापली काळजी वर सोडून द्यायची.”

तिनं तीन म्हटलं. मंगल कार्यालयात जमलेल्या पन्नासेक म्हाताऱ्यांपैकी एकानंही फुगा सोडला नाही. गणपत साळुंखे उभा राहून म्हणाला, “बाई, माझा मी नातवाला न्हेतो. गॅसचा हाय, फुकट कशाला घालवायचा?” त्यासरशी बाकीच्यांनाही आपापली नातवंडं आठवली. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी तर जुळी आहेत म्हणून आणखी एक मागून घेतला.

मी शेजारी बसलेल्या वहिनींकडं पाहिलं. त्यांनी फुग्याचा दोरा बोटाला गुंडाळला होता आणि पदराआड हसत होत्या. ते त्यांचं त्या दिवशीचं शेवटचं हसू.

या गोष्टीला आता सात-आठ वर्षं झाली. येरळेकाठचं आमचं गाव तालुक्याचं, आणि आमच्याकडं काहीही नवीन आलं की आधी त्याचा बॅनर येतो. हा बॅनर एसटी स्टँडवर लागला होता. ‘आनंदी संध्या : ज्येष्ठांच्या मनाची काळजी, आता तुमच्या दारी.’ खाली गावातल्या पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो. त्यातल्या निम्म्यांच्या आया घरात बोलायला माणूस नाही म्हणून दिवसभर मारुतीच्या पारावर बसून असत. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण मी शाळेत आयुष्यभर शिकवली. शिवाय आम्ही जातीनं कासार, बांगडीचा धंदा पिढीजात. सोनं कुठलं आणि कथील कुठलं हे मला जरा लवकरच कळतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, चंपावती तांबट. वय अठ्ठ्याहत्तर. दादा जाऊन बारा वर्षं झाली होती. बाजारपेठेतलं बांगड्यांचं दुकान भाड्यानं दिलं होतं, पण मागच्या घरात वहिनी एकट्या राहत, आणि जुन्या गिऱ्हाइकांना अजूनही ओट्यावर बसवून बांगड्या भरत. मी समोरच्या खोलीत. लग्न केलं नाही, शाळामास्तरीण म्हणून निवृत्त झाले आणि बोलायला तोंडाला कुलूप नाही, एवढी माझी ओळख पुरे.

वहिनींचा मुलगा सुधाकर पुण्यात. आईवर त्याचा फार जीव, पण तो फोनवरून. मागच्या दिवाळीत तो आणि त्याची बायको नीलिमा आले असताना वहिनींनी गॅसवर दूध ठेवलं आणि दारात शेजारणीशी बोलत उभ्या राहिल्या. दूध करपलं. झालं, तेव्हापासून नीलिमानं जाहीर केलं की आई विसरतात. दूध करपणं हा आजार असेल तर आमची अख्खी गल्ली वेड्यांची म्हणायची. पण सुधाकरनं पुण्यात एक जागाही पाहून ठेवली होती. नाव ‘स्मृतिगंध’. बाग, टीव्ही, भजन, आणि सुरक्षिततेसाठी बाहेरून बंद होणारे दरवाजे. तिथं घ्यायला डॉक्टरांचं लेखी मत लागायचं.

“आत्या, शिबिरात आईची तपासणी करून घे,” तो म्हणाला, “एकदा डॉक्टरांनी लिहून दिलं की पुढचं मी बघतो.”

पुढचं म्हणजे काय ते मला समजत होतं. म्हणूनच मी वहिनींना हाताला धरून शिबिरात नेलं. डॉक्टरच म्हणतील की बाई ठणठणीत आहे, मग पुण्याचं तोंड आपोआप बंद होईल, असा माझा हिशेब. शहाण्या माणसाचे हिशेब असेच असतात.

फुग्यांचा कार्यक्रम झाल्यावर तपासणीची टेबलं लागली. आमच्या वाट्याला तीच माईकवाली मुलगी आली. ऋतुजा तिचं नाव, समुपदेशक. मागं खुर्चीत डॉक्टर हर्डीकर, जिल्ह्याहून आलेले. त्यांना ‘छान’ या एका शब्दावर अख्खा दिवस काढता येत असे.

“आजी, आज तारीख काय?” ऋतुजानं विचारलं.

“एकादशी.”

“एकादशी नाही, तारीख.”

“तारीख तुज्या मोबाईलात असंल की बाळ,” वहिनी म्हणाल्या. “वार गुरवार. बाजार हाय आज.”

ऋतुजानं फुली मारली. “बरं, आता शंभरातून सात वजा करा, मग त्यातून पुन्हा सात.”

“सात कोन घेतंय? बांगड्या डझनानं जात्यात.”

दुसरी फुली. मला हसू येत होतं. परीक्षेत उत्तर बरोबर आणि मास्तर चूक, हा प्रकार मी मास्तर असताना पुष्कळ पाहिलेला आहे.

“आता अगदी सोप्पं,” ऋतुजा म्हणाली. “आजोबांचं नाव काय?”

वहिनी फुग्याच्या दोऱ्याकडं बघायला लागल्या.

“आजी, तुमच्या मिस्टरांचं नाव. सांगा बरं.”

वहिनींनी पदर कपाळावर ओढला. त्यांचा चेहरा एकदम उतरला, आणि पदर ओढताना बोटाचा दोरा सुटला. फुगा वर जाऊन छताला टेकला. सबंध कार्यालयात तेवढा एकच फुगा सुटला, आणि मागून डॉक्टर म्हणाले, “छान!”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “अहो, त्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत,” मी म्हटलं. “आमच्याकडच्या जुन्या बायका घेत नाहीत. तुमच्या आजीनं तरी घेतलं होतं का?”

“नातेवाइकांनी मध्ये बोलू नये,” डॉक्टर म्हणाले. “उत्तरं दूषित होतात.”

दूषित! जणू मी पिण्याच्या पाण्यात पाय बुडवला होता. त्यानंतर ऋतुजानं पुष्कळ विचारलं. गाव कोणतं, मुलं किती, तुमचं स्वतःचं नाव काय. वहिनींनी एकाचंही उत्तर दिलं नाही. त्या फक्त दाराकडं बघत होत्या, कार्यालयाच्या मोठ्या दाराकडं, ते उघडं आहे की लावलेलं हे पुन्हा पुन्हा तपासल्यासारखं. शेवटी माझ्या हातात चिठ्ठी आली. पतीचे नाव आठवत नाही, स्मृतिभ्रंशाची दाट शक्यता, रविवारी गृहभेट, घरच्यांनी हजर राहावे.

घरी येताना वहिनी एवढंच म्हणाल्या, “वन्सं, न्हेनार काय मला?”

“कुठं नेणार?”

“न्हेत्यात तितं.”

“माझ्या अंगावरून न्यावं लागेल,” मी म्हटलं. बोलायला माझं काय जात होतं!

रविवारपर्यंत माझं डोकं एकाच गोष्टीवर चाललं. नाव आठवत नाही ना, मग नाव घेऊन दाखवू. जुन्या बायका नवऱ्याचं नाव एरवी घेत नसल्या तरी उखाण्यात घ्यायला त्यांना मोकळीक असते. नवरा गेलेल्या बाईनं उखाणा घेऊ नये असंही लोक म्हणतात, पण इथं बाईलाच घालवायची तयारी चालली होती. मी ऋतुजाला फोन करून सांगितलं, “हातच्या कांकणाला आरसा कशाला? तुम्ही त्यांना उखाणा घ्यायला सांगा.”

“उखाणा म्हणजे लग्नात असतो तो?” ती म्हणाली. “माझ्या बहिणीनं इंग्लिशमध्ये घेतला होता.”

मी फोन ठेवला.

आता विचार करताना माझ्या लक्षात आलं, की वहिनींचा उखाणा मी स्वतः कधी ऐकलेला नव्हता. हळदीकुंकवात त्यांची पाळी आली की त्यांना चहाचं आधण आठवायचं. सुधाकरच्या लग्नात सगळ्या बायकांनी घेराव घातला तर त्यांना असा खोकला आला की पाणी द्यावं लागलं. बायका म्हणायच्या, चंपूवहिनी भारी लाजाळू. मला तर अभिमान वाटायचा. काय ती मर्यादा, काय ते नवऱ्याचं मोठेपण जपणं! आमच्या दादानं नशीब काढलं, असं मी चारचौघींत सांगत असे.

शनिवारी संध्याकाळी मी स्वतः उखाणा रचला आणि वहिनींना म्हणून दाखवला.

“हिरव्या चुड्याला सोनेरी काठ,
रंगनाथरावांचं नाव आहे मला पाठ.”

त्या वाटाणे सोलत होत्या. “चांगला जमलाय,” म्हणाल्या आणि पुढची शेंग हातात घेतली.

रविवारी सगळी वरात घरात आली. सुधाकर आणि नीलिमा सकाळीच पोचले होते. नीलिमानं आल्याआल्याच वहिनींच्या चार साड्या बॅगेत भरून ठेवल्या, ‘असू देत हाताशी’ म्हणून. ती बॅग दाराशी उभी होती, आणि वहिनींनी ती पाहिली होती. डॉक्टर खुर्चीत बसले. ऋतुजाला मी भिंतीलगतच्या बाकावर बसवलं. बरोबर तिच्या डोक्यावर दादाचा मोठा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला, आणि खाली रंगवलेल्या ठळक अक्षरांत ‘कै. रंगनाथ बाळकृष्ण तांबट’. वहिनी चौथी पास. ज्या प्रश्नावरून त्यांना वेडं ठरवलं त्याचं उत्तर तपासणाऱ्या बाईच्या अंबाड्यावर टांगलेलं होतं, पण वर बघायला कुणाला सवड होती?

“आजी, आज आपण गंमत करू या,” ऋतुजा म्हणाली. “आज तुम्ही उखाणा घ्यायचा.”

“थांबा, व्हिडिओ काढते,” नीलिमा म्हणाली. “फॅमिली ग्रुपवर टाकू.”

“घे ना गं आई,” सुधाकर म्हणाला. “एक नाव तर घ्यायचंय.”

मी वहिनींच्या शेजारी बसून हळूच सुरुवात करून दिली, “हिरव्या चुड्याला...”

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं, मग दाराशी ठेवलेल्या बॅगेकडं, मग डॉक्टरांकडं.

“नाव घेतलं म्हंजे हितंच ऱ्हाऊ देनार?”

“अहो आजी, नाव आठवलं म्हणजे तुम्ही बऱ्याच आहात,” डॉक्टर हसून म्हणाले.

“त्ये बी असंच म्हनलं हुतं.”

“कोण?”

“तितला डाक्टर. वेड्याच्या इस्पितळातला.”

नीलिमाच्या हातातला मोबाईल खाली आला. सुधाकर म्हणाला, “आई, काहीतरी काय बोलतेस? कुठलं इस्पितळ?” आणि त्यानं डॉक्टरांकडं असं पाहिलं की बघा, मी सांगत नव्हतो?

“तुज्या आधी एक पोरगी हुती मला,” वहिनी म्हणाल्या. “चार म्हैन्यांची हून गेली. मग मला अन्न जाईना. रडं थांबंना. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी रडं यायचं. बांगडी भरताना रडल्याली बाई कुनाला चालंल? अपशकुन म्हनायचे. एक दिस ह्ये म्हनलं, चल, तुला म्हायेरी सोडतो. गाडीत बसवलं आन् तितं सोडलं.”

पोरगी गेली हे मला ठाऊक होतं. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. वहिनी माहेरी गेल्यात असंच मला सांगितलं होतं. दिवाळीत मी हट्ट केला की वहिनींना आणा, त्या मला न भिता फुलबाज्या लावायला शिकवतात, तर आईनं मला पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, तिचं नाव काढू नकोस.

“तितं बी रोज असंच इचारायचे,” वहिनी ऋतुजाकडं बघून म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता की कापत नव्हता. “नाव काय, गाव काय, वार कंचा. समदं सांगायची मी. नवऱ्याचं नाव इचारलं की गप. कसं घेनार? सासूनं शिकवल्यालं, नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी हुतं. मग त्यांनी लिवलं, बाई नवऱ्याला वळखत न्हाई. दाराला कुलूप घातलं.”

“मग?” ऋतुजानं विचारलं. तिच्या हातातलं पेन थांबलं होतं.

“तितं एक नर्सबाई हुती. ती म्हनाली, चंपा, एकदा नाव घे बाई, मग डाक्टर पत्र घालंल, तुजा मालक न्यायला यील. लई दिस मी काय तोंड उघडलं न्हाई. मग एका सकाळी डाक्टर आल्यावर भिताडाकडं तोंड केलं आन् घेतलं. मोठ्यानं घेतलं, पुरतं, बापाच्या नावासकट. बाकीच्या बाया हसाय लागल्या. डाक्टर म्हनला, बरी झाली. पत्र घातलं.”

“आणि बाबा आले?” सुधाकर म्हणाला.

“न्हाई आला.”

दादाला त्या एरवी ‘हे’ म्हणत, एकेरी कधीच बोलत नसत. मी चमकून पाहिलं. वहिनींचं तोंड तसंच शांत होतं.

“दुसरं पत्र गेलं. मी रोज वेणी घालून दारापाशी बसायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मग वटपुनव जवळ आली, आन् मग आला.” त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. “वटपुनवेला दुकानात किती गर्दी हुती तुमाला ठावं हाय वन्सं. बांगड्या भरायला हात कमी पडलं. गाडीत मला म्हनला, चार दिस आता रडू नको, गिऱ्हाईक हाय.”

वटपौर्णिमेच्या त्या गर्दीत वहिनी ओट्यावर बसल्या असतील, आणि हाच नवरा सात जन्म मिळावा म्हणून चुडा भरायला आलेल्या बायकांचे हात एकामागून एक हातात घेतले असतील. तो दिवस मला आठवतोसुद्धा. वहिनी माहेराहून आल्या म्हणून मी दुकानभर उड्या मारत होते.

“एकदा घेतलं त्याचं नाव,” वहिनी म्हणाल्या. “आयुष्यात एकदा. वाया गेलं. पुना घेनार न्हाई. इसरली म्हनून न्हवं, न्हाई घ्यायचं म्हनून.” मग त्या डॉक्टरांकडं वळल्या. “तुमी आठवायचं औषध देता म्हनं. माजं समदं आठवनीत हाय, त्या कुलपाचा आवाज बी हाय. इसरायचं एकादं औषध असंल तर द्या. त्ये घीन मी.”

डॉक्टर हर्डीकरांनी चष्मा पुसला. मग कागद ओढून घेतला, लिहिलं आणि वाचून दाखवलं, “स्मरणशक्ती उत्तम.” आणि उठता उठता म्हणाले, “आजींनी भावना फार छान व्यक्त केल्या.”

छान! एका बाईनं साठ वर्षं गिळून ठेवलेलं तुमच्या पुढ्यात ओतलं आणि तुम्हाला त्यात वक्तृत्व स्पर्धा दिसली. हे म्हणे मनाचे वैद्य! मी तसं तोंडावर म्हणणार होते, पण ते ऋतुजाला ‘चल’ म्हणून बाहेर पडलेसुद्धा. पुढच्या गावात फुगे भरायचे होते.

ऋतुजा मात्र लगेच उठली नाही. ती वहिनींपाशी खाली जमिनीवर येऊन बसली आणि रडायला लागली. मनाची काळजी दारी घेऊन आलेल्या त्या मुलीचे डोळे शेवटी वहिनींनीच पदरानं पुसले. तिचा हात हातात घेऊन चाचपला आणि म्हणाल्या, “अडीचच्या बांगडीचा हात हाय तुजा. ये कवातरी, भरून देते. पर प्रश्न इचारायचे न्हाईत.” ती मुलगी नंतर खरंच येत राहिली, दर महिन्या-दोन महिन्यांनी. कागद न घेता यायची, ओट्यावर बसायची. ‘आनंदी संध्या’चा बॅनर तोवर कुणीतरी गोठ्यावर घातला होता.

सुधाकरनं जाताना बॅगेतल्या चारही साड्या स्वतः कपाटात ठेवल्या. नीलिमानं तो व्हिडिओ कुठं टाकला नाही, एवढी तिला अक्कल होती. ‘स्मृतिगंध’चं नाव पुन्हा त्या घरात निघालं नाही. वहिनी आणखी पाच वर्षं जगल्या आणि त्याच घरात, स्वतःच्या अंथरुणावर गेल्या.

पण त्या रविवारी सगळे गेल्यावर आम्ही दोघीच उरलो, तेव्हा माझं डोकं ताळ्यावर नव्हतं. रोज सकाळी त्या फोटोला नमस्कार करायची माझी सवय. माझा दादा! गावात सगळे त्याला देवमाणूस म्हणत, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी म्हणत असे. मी स्टूल ओढलं, वर चढले आणि फोटोला हात घातला.

“काय करताय वन्सं?”

“काढून टाकते हा. माळ्यावर फेकते.”

“ऱ्हाऊ द्या.”

“कशाला राहू द्यायचा? अजून कसली भीड आहे तुम्हाला त्याची?”

“भीड कसली?” वहिनी कालचे उरलेले वाटाणे पुढ्यात ओढत म्हणाल्या. “खाली नाव लिवल्यालं हाय, म्हनून कुनी इचारत न्हाई. काढला की भिताडावर त्येवडाच चौकोन दिसंल, आन् येनारा-जानारा मला इचारंल, हितं कोन हुतं म्हनून.”

मी स्टुलावरून खाली उतरले.